वीस टनांची उचल

ऊसपट्ट्यात ‘उचल’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत आणि दोन्हींचा संबंध ओझ्याशीच आहे. पहिला अर्थ साधा, म्हणजे जमिनीवर टेकलेली वस्तू वर घेणे; दुसरा असा की ऊसतोडणीच्या टोळीने किंवा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमालकाने हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी हातात पडते तेव्हा हलकी असते आणि फेडीच्या वेळी जड होते. पहिल्या अर्थाची उचल ज्या यंत्राने करतात त्याला जॅक म्हणतात, आणि ते यंत्र विकत घ्यायचे ठरले तर पैसा बहुधा दुसऱ्या अर्थाच्या उचलीतून काढावा लागतो. त्यामुळे वजनदार कामाचा, तेलावर चालणारा, वीस टनी जॅक स्वतःच्या मालकीचा असावा की नसावा, हा प्रश्न वरवर लोखंडाचा दिसला तरी त्याची मुळे अर्थकारणात आणि त्याहून खोल भावकीत गेलेली आढळतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम तोंडावर आला की हा प्रश्न दरवर्षी नव्याने उपस्थित होतो, टायरच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत त्याचा खल होतो, आणि पहिली ट्रॉली पंक्चर होईपर्यंत तो अनिर्णित राहतो.

आधी नावाचा विचार करणे योग्य ठरेल. ‘जॅक’ हे इंग्रजी भाषेत मुळात माणसाचे नाव. तेही इतके सर्वसाधारण की कोणत्याही हरकाम्या गड्याला त्या नावाने हाक मारली जाई. पुढे गड्याचे कष्ट वाचवणारी जी साधने निघाली, मग ते पायातला बूट ओढून काढणारे लाकूड असो, विस्तवापुढे मांसाची सळई फिरवत ठेवणारे यंत्र असो किंवा गाडी वर उचलणारे, त्यांना त्या गड्याचेच नाव चिकटले. हाच न्याय मराठीने लावला असता तर या यंत्राला ‘गडी’ म्हणावे लागले असते आणि ‘चाकाखाली गडी घाल’ ही आज्ञा ऐकून आलेले पाहुणे चहा न घेताच परतले असते. मराठीने शब्द आहे तसा घेतला, पण त्याचा हुद्दा मात्र वाढवला. महाराष्ट्रात ‘जॅक लावणे’ याचा अर्थ वशिला लावणे असा होतो. बदली थांबवायची असो वा अडकलेली फाइल हलवायची असो, ‘वरून जॅक’ लागतो, आणि तो जॅक कधीही कोणाचा नोकर नसतो. इंग्रजीतला हरकाम्या मराठीत पोचेपर्यंत साहेबाचा मेहुणा झाला, ही भाषाशास्त्राने दखल घ्यावी अशी बढती आहे. लोखंडी जॅक खालून ढकलतो आणि वशिल्याचा जॅक वरून लावला जातो, तरी दोन्हींनी वस्तू वरच जाते, ही विसंगतीही येथे नोंदवून ठेवली पाहिजे.

दोन्ही जॅकांचे शास्त्र मात्र एकच आहे. फ्रान्सचा गणिती ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने असे दाखवले की बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो. त्यामुळे अरुंद नळीतल्या दट्ट्यावर थोडा जोर लावला की तिला जोडलेल्या रुंद नळीतल्या दट्ट्यावर, त्याचे क्षेत्रफळ जितक्या पटीने मोठे असेल तितक्या पटीने, मोठा जोर उत्पन्न होतो. तालुक्याच्या गावातून केलेला एक छोटा फोन मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत पोचून केवढी मोठी फाइल उचलतो, याचे गणितही याच नियमाने मांडता येते. अट एवढीच की मधली नळी कुठे गळती नसावी.

पास्कलचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु त्या नियमाचे उपयोगी यंत्र व्हायला १७९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट, म्हणजे शोधावरचा कायदेशीर हक्क, मिळवले. जॅकच्या अभ्यासकाने ब्रामाविषयी लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दाबयंत्राच्या आधी हा गृहस्थ कुलपांसाठी प्रसिद्ध होता; १७८४ मध्ये त्याने कुलपाचे पेटंट घेतले होते, आणि लंडनमधल्या त्याच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप मांडून, ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस लावलेले होते. ते कुलूप अर्धशतकाहून अधिक काळ कोणालाही दाद देईना. अखेर १८५१ मध्ये ए. सी. हॉब्ज नावाच्या अमेरिकी कुलूपकाराने १६ दिवसांत मिळून पन्नासएक तास खटपट करून ते उघडले. नेमक्या त्याच १८५१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डजन याने हातातून नेता येईल अशा द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचे पेटंट मिळवले. जगातले सर्वांत भरवशाचे कुलूप उघडले जावे आणि शेजाऱ्याला उचलून नेता येण्याजोगा जॅक निर्माण व्हावा, या दोन घटना एकाच वर्षी घडणे हा योगायोग म्हणता येईल. मात्र स्वतःचा जॅक बाळगणाऱ्या कोणाही गावकऱ्याला तो योगायोग वाटणार नाही.

बाजारात ‘बाटली जॅक’ म्हणून मिळणाऱ्या, उभ्या बुटक्या बाटलीच्या आकाराच्या यंत्रात हाच नियम मोजक्या भागांत बसवलेला असतो : तेलाची टाकी, पंपाचा बारीक दट्ट्या, वजन पेलणारा जाड दट्ट्या, तेलाला मागे फिरू न देणाऱ्या झडपा, आणि वजन खाली उतरवताना सैल करायचा एक स्क्रू. उदाहरणादाखल पंपाच्या दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि जाड दट्ट्याचा ६० मिलिमीटर धरला तर व्यास ५ पट आणि क्षेत्रफळ २५ पट होते. दांड्याच्या तरफेने आणखी २० पट लाभ मिळाला असे मानले तर एकूण लाभ ५०० पट होतो, म्हणजे माणसाने दांड्यावर ४० किलोंचा भार टाकला की, घर्षण सोडून दिल्यास, २०,००० किलो, अर्थात वीस टन, उचलले जातात. हे ऐकून खरेदीदार हरखतो, कारण दुकानदार गणिताचा उत्तरार्ध सांगत नाही. निसर्ग जोरात जेवढी सूट देतो तेवढी अंतरात वसूल करतो. ट्रॉली १० सेंटिमीटर वर जायची तर हाताला ५० मीटर प्रवास करावा लागतो, म्हणजे भर दुपारी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून अर्ध्या अर्ध्या मीटरने शंभर वेळा दांडा खाली दाबावा लागतो, आणि तो वर नेण्याच्या शंभर खेपा तर कोणी हिशेबातच धरत नाही. पतपेढीचे कर्ज फेडलेल्या माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यानंतर क्षमतेचा प्रश्न येतो. नुसता ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. उसाने भरलेली चारचाकी ट्रॉली स्वतःच्या वजनासह १२ टनांची धरली तर एका चाकाच्या वाट्याला तीन टन येतात. रस्त्याचा उतार, खड्डा आणि एका अंगाला कललेल्या मोळ्या यांच्यासाठी आणखी दोन टन वाढवले तरी दहा टनी जॅक पुरून उरतो. असे असूनही गावात दहा टनी जॅक औषधालाही सापडत नाही. बहुतेकांची नजर वीस टनीवर असते, काहींची तीस टनीवर, आणि शेजारच्या गावात एकाकडे पन्नास टनी असल्याची वदंता असते, पण तो प्रत्यक्ष पाहिलेला माणूस भेटत नाही. याचे कारण यंत्रशास्त्रात शोधून उपयोग नाही. जॅकवर उठवलेला आकडा हा लग्नपत्रिकेवरच्या मान्यवरांच्या यादीसारखा असतो. ते सगळे येणार नाहीत हे पत्रिका छापणाऱ्यालाही ठाऊक असते, पण यादी आखूड ठेवणे बरे दिसत नाही. शिवाय वीस टनी जॅकचे स्वतःचे वजनच दहा-बारा किलोंच्या घरात जाते, त्यामुळे तो टपरीसमोरून हातात धरून नेताना मालकाची चाल आपोआप बदलते.

ऊसवाहतुकीच्या परिभाषेत, ट्रॅक्टरमागे बैलगाडीच्या धर्तीच्या छोट्या टायरगाड्या जोडून जे वाहन बनते त्याला ‘अंगद’ म्हणतात. रामकथेतल्या अंगदाने रावणाच्या दरबारात पाय रोवला आणि तो लंकेतल्या एकाही वीराला तसूभर हलवता आला नाही, हे सर्वांना माहीत आहे; तेव्हा जे वाहन वेळप्रसंगी उचलावे लागणार त्याला हेच नाव देणाऱ्याचे धाडस वाखाणण्यासारखे आहे. वस्तुतः त्या दरबारात खुद्द रावणाचे वीस हात उपस्थित होते, म्हणजे हाताला एक टन या माफक हिशेबानेही वीस टनांची क्षमता जाग्यावर होती. तरी पाय उचलला गेला नाही. अनुभवी ट्रॅक्टरचालकांच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे : बंद उंची जमली नसावी.

‘बंद उंची’ म्हणजे जॅक पूर्ण खाली बसवलेला असताना जमिनीपासून त्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर. खरेदीच्या वेळी ती कोणी विचारत नाही, कारण दुकानात सगळ्या चाकांत हवा असते. टायर बसला की एक्सल खाली येतो, आणि ज्या जॅकने त्याखाली शिरायचे तो दोन बोटांनी उंच ठरतो. मग जॅकसाठी खड्डा खणावा लागतो, खड्ड्यासाठी कुदळ लागते, आणि कुदळ घरी असते. याउलट मोठ्या चाकांच्या ट्रॅक्टरखाली तोच जॅक तोकडा पडतो, तेव्हा दगडावर दगड, त्यावर फळी आणि त्यावर जॅक असा मनोरा रचला जातो, ज्याच्याकडे पाहून हेमाडपंती देवळांचे कारागीरही दोन पावले मागे सरकले असते.

शेतात पंक्चर झाले तर काळ्या जमिनीचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जॅक ट्रॉलीला जेवढ्या जोराने वर ढकलतो तेवढ्याच जोराने जमिनीला खाली ढकलतो, आणि दोघांपैकी जी आधी नमते ती हलते. नुकतेच पाणी दिलेल्या रानात ट्रॉली जागची हलत नाही आणि जॅक मात्र संथपणे पाताळाच्या दिशेने निघतो. दांडा मारणाऱ्याला जोर लागत असतो, घाम येत असतो, भोवतीचे चार जण ‘आलं, आलं’ म्हणत असतात, प्रगतीची सर्व लक्षणे दिसत असतात, फक्त उंची वाढत नसते. जॅकखाली जाड फळी घालावी हा उपाय प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ती फळीही कुदळीशेजारीच ठेवलेली असते. ट्रॉली वर आल्यावर तिच्याखाली लोखंडी घोडी, म्हणजे तिपाईसारखा पक्का आधार, किंवा निदान ओंडका लावल्याशिवाय कोणी आत शिरू नये, कारण जॅक हे उचलण्याचे यंत्र आहे, धरून ठेवण्याचे नव्हे, आणि आतले एक सील फाटले की वीस टनांचा आकडा क्षणात शून्य होतो. या मुद्द्यात विनोदाला जागा नाही, म्हणून तो येथेच सोडणे बरे.

आता शुद्ध हिशेब पाहता येईल. जॅकची किंमत काही हजार रुपये. हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्या काळात चार-पाचदा पंक्चर होईल असे धरावे. जॅक नसेल तर पंक्चरवाल्याला बोलवावे लागते, आणि तो आपला जॅक मोटारसायकलवर मागे बांधून येतो तेव्हा त्याचा दर टायरवर नव्हे तर परिस्थितीवर अवलंबून असतो : गावात एक, फाट्यावर दुसरा, अंधार पडल्यावर तिसरा. तिकडे तोडलेला ऊस थांबायला तयार नसतो; तो सुकतो, त्याचे वजन घटते, त्यातली साखर कमी होते, आणि म्हणूनच तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत तो गाळला जावा अशी अपेक्षा असते. पंक्चरवाल्याची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास वजनकाट्यावर दिसतो, नंबर चुकला तर खेप बुडते, टोळी बसून राहते. ही सगळी बेरीज केली तर जॅक दोन हंगामांत फिटतो, आणि त्याअर्थी प्रत्येक ट्रॉलीत एक जॅक असायला हवा होता. तो नसतो, कारण ही बेरीज एका गृहीतकावर उभी आहे, ते असे की विकत घेतलेला जॅक विकत घेणाऱ्याच्याच ट्रॉलीत राहील.

जुन्या शेतीव्यवस्थेत ‘सावड’ होती, म्हणजे आज याच्या रानात तर उद्या त्याच्या रानात मिळून काम करायचे आणि देणेघेणे बरोबरीत ठेवायचे. ‘इर्जिक’ होती, म्हणजे दहा जणांनी आपापली अवजारे आणि बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचे आणि त्याने त्यांना पोटभर जेवू घालायचे. आणि बारा बलुतेदार होते, म्हणजे सुतार, लोहार, कुंभार अशा गावाची कामे करणाऱ्यांना सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा, अर्थात बलुते, मिळत असे. जॅकच्या उसनवारीत या तिन्ही व्यवस्थांचे अवशेष टिकून आहेत, पण फक्त मागणाऱ्याच्या सोयीचे. सावडीप्रमाणे जॅक घरोघर फिरतो, मात्र बरोबरी करण्याची घाई कोणाला नसते. इर्जिकीप्रमाणे दहा जण जमतात, मात्र नऊ जण सल्ला देतात आणि जेवण कोणालाच नसते. आणि मालक हा गावाचा तेरावा बलुतेदार होतो, ज्याच्या बलुत्याची तरतूद कोणत्याही सुगीत नाही.

मागणीची भाषा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. “तात्या, पाच मिनटं जॅक द्या की, लगेच आणून देतो” हे तिचे प्रमाण वाक्य असून त्यातील प्रत्येक शब्दाला पारिभाषिक अर्थ आहे. ‘तात्या’ या संबोधनावरून नाते कळत नाही, निकड कळते. पंक्चर नसलेल्या दिवशी त्याच गृहस्थाचा उल्लेख पाठीमागे एकेरीत होत असतो. ‘पाच मिनटं’ हे कालमापनाचे एकक असून ते तीन दिवसांपासून आषाढी एकादशीपर्यंत कितीही ताणता येते. शेवटच्या ‘की’ या अव्ययात विनंती, हक्क आणि मागे कधीतरी विहिरीतली मोटर काढायला केलेल्या मदतीची आठवण असे तिन्ही घटक सामावलेले असतात. ‘आणून देतो’ या क्रियापदाचा कर्ता वाक्यात अध्याहृत असतो, आणि पुढेही तो अध्याहृतच राहतो.

या मागणीला ‘नाही’ असे उत्तर व्याकरणाने शक्य असले तरी गावात शक्य नाही. बांधावरून वर्षानुवर्षे दिवाणी दावा चालू असलेले दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण जॅक लहान मुलाच्या हाती मागवला जातो आणि दिलाही जातो. दोन्ही बाजूंच्या वकिलांना याचा पत्ता नसतो. नकार द्यायचाच झाला तर तो यंत्रावर ढकलावा लागतो. ‘तेल गळतंय’ हे त्यातले सर्वांत प्रतिष्ठित कारण, कारण त्यात तांत्रिक वजन आहे. परंतु मागणारा ‘असू दे, चालतंय’ म्हणून जॅक उचलतो, आणि परत करताना ‘तेल लई गळतंय हो, बघा जरा’ असे सांगून मालकालाच कामाला लावतो.

परत करतानाच्या या दृश्यात थोडी अतिशयोक्ती झाली आहे, कारण जॅक सहसा थेट परत येत नाही. पहिल्याकडून तो दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक हस्तांतरात मालकाची परवानगी मालकाला न विचारता पुढे दिली जाते. वाटेत त्याचे मूळ काम बदलते. जॅक केवळ ट्रॉली उचलत नाही. तो खचलेली तुळई वर घेतो, दाराची वाकलेली चौकट सरळ करतो, गंजून बसलेला पाइप मोकळा करतो. ज्या दिवशी मालकाची स्वतःची ट्रॉली फाट्यावर पंक्चर होते, त्या दिवशी चौकशीअंती जॅक एखाद्या गोठ्यात, पावसाळ्यात कलंडलेल्या छपराखाली उभा असल्याचे आढळते, आणि गेले दोन महिने त्याने अंगदासारखा पाय रोवलेला असतो. तो काढला तर छप्पर म्हशीवर येते आणि न काढला तर ट्रॉली वर जात नाही. अशा वेळी मालकाला तिसऱ्याच घरापुढे उभे राहून “आबा, पाच मिनटं…” अशी सुरुवात करावी लागते.

या समस्येवर सहकार हा उपाय सुचवला जातो, आणि सूचना करणाऱ्यांकडे भक्कम दाखला असतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. ज्या राज्यात शेतकऱ्यांनी अख्खा कारखाना वर्गणीने उचलला तिथे पाच जणांनी एक जॅक वर्गणीने घेणे अवघड असू नये. प्रत्यक्षात ते अवघड आहे. कारखाना जागचा हलत नाही, म्हणून तो सर्वांचा राहू शकतो. जॅक रात्री कोणाच्या घरी मुक्कामाला असावा हा ठराव पहिल्याच बैठकीत अडकतो, कारण जिथे तो राहील तो चेअरमन झाल्यासारखे होते. चौघांना मग अविश्वासाचा ठराव आणावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा जॅक लागतो, अर्थात दुसऱ्या अर्थाचा.

तेव्हा बहुतेक जण जुन्या मालाकडे वळतात. पुण्याच्या जुन्या बाजारापासून तालुक्याच्या भंगारवाल्यापर्यंत वापरलेले जॅक मिळतात, आणि प्रत्येकाची कुळकथा तयार असते : हा मिलिटरीतला, हा रेल्वेतला, हा एका जुन्या ट्रकचा, पण ट्रक कधी पंक्चरच झाला नाही. जुना जॅक पारखण्याची रीत सोपी आहे, ती अशी की त्यावर वजन घेऊन काही तास तसेच ठेवावे आणि माथा किती खाली सरकला ते मोजावे. भंगारवाल्याला मात्र इतका वेळ नसतो, आणि तो जॅकपेक्षा स्वतःच्या शब्दावर वजन ठेवायला सांगतो. नव्या जॅकविषयीचा संशय त्याहून जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने तो कोणी घेईना, हा इतिहास ज्या भागात घडला तिथले शेतकरी नव्या लोखंडाला आल्याआल्या मिठी मारतील अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. नांगराच्या बाबतीत भीती निराधार ठरली. जॅकच्या बाबतीत जमीन बिघडत नाही हे खरे, पण शेजार बिघडण्याची शक्यता नांगरापेक्षा जास्त आहे.

इतके असूनही, ज्याच्या नावावर दोन ट्रॉल्या आणि कारखान्याचा वाहतूक करार आहे त्याने जॅक घ्यावा, हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्याच्याकडे नुसता ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर आहे त्याने मागून वापरावा, कारण कोणीतरी मागणारा असल्यावाचून मालकालाही मालक झाल्याचे सुख मिळत नाही. घेणाऱ्याने दहा टनी आणि कमी बंद उंचीचा घ्यावा, हा सल्ला कोणी ऐकणार नसला तरी देऊन ठेवलेला बरा. त्याची किंमत अवजारांच्या खात्यात लिहू नये. ती आहेराच्या खात्यात लिहिली की हिशेब जुळतो, आणि दोन वर्षांनी जॅकची अवस्था पाहून त्रासही होत नाही.

ती अवस्था ठरलेली असते. वाटेत कुणीतरी कमी पडलेले तेल म्हणून त्यात ब्रेक ऑइल भरलेले असते, जे आतल्या सीलना मानवत नाही, दुरुस्ती करणारा झाकण उघडून वास घेतो आणि “हे कुणी भरलं?” असे विचारतो, तेव्हा मालकाजवळ किमान अकरा नावे असतात आणि तो एकही घेत नाही. सील आणि वॉशर बदलून जॅक नव्यासारखा होतो, तोवर बातमी गावात पोचलेली असते, आणि दुरुस्तीच्या दुकानातून घरी येण्याआधीच तो वाटेत एका ट्रॉलीखाली जातो.

अनुभवी मालकांनी यावर जो तोडगा काढला आहे त्याची ब्रामाच्या कुलपाशी तुलना करता येईल. जॅकचा दांडा हा वेगळा, काढता येणारा भाग असतो. तो नसेल तर वीस टनी जॅक हा दहा-बारा किलोंचा लाल डबा ठरतो. म्हणून हे मालक जॅक उघड्यावर ठेवतात आणि दांडा आतल्या खोलीत, कपाटामागे किंवा धान्याच्या कोठीशेजारी, उभा करून ठेवतात. दांड्याऐवजी पाइपचा तुकडा किंवा पहार घालून काम भागवणारे हॉब्ज प्रत्येक गावात असतातच, पण पाइप वाकतो आणि पहार निसटते, त्यामुळे आज ना उद्या प्रत्येकाला मूळ दांड्यासाठी यावे लागते. जॅक सध्या ज्याच्याकडे आहे तोच दारात उभा राहून “तात्या, पाच मिनटं दांडा द्या की” म्हणतो, आणि निदान त्या निमित्ताने मालकाला आपला जॅक हल्ली कोणत्या वस्तीवर असतो ते कळते.